एक्सेलची शीट आणि पटवाऱ्याचं दप्तर

नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी सहाला घराबाहेर पडण्याचं धाडस केलेल्या श्रोतेहो,

व्यापाराच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवाव्यात की डेटाबेसमध्ये, हा आजचा विषय. स्मृतिव्याख्यानाला तो शोभतो का, असं दोघा-तिघांनी मला आडून आडून विचारलं. माझं म्हणणं, ज्या गावात इतवारीचा बाजार आहे, गांधीबागेचा आहे, कळमन्याचा आहे, त्या गावात हिशेबाच्या वहीवर व्याख्यान व्हायचं नाही, तर कुठे व्हायचं?

तीन गोष्टी बोलणार आहे. ही दोन साधनं मुळात कशासाठी जन्माला आली, ही पहिली. रोजचा व्यवहार शीटवर चालवला की नेमकं काय बिघडतं, ही दुसरी. आणि डेटाबेस म्हटलं की आपण बिचकतो, पण त्याची शिस्त आपल्या पटवाऱ्याच्या दप्तरात पूर्वीपासून आहे, ही तिसरी. तिसरीवर मी जास्त रेंगाळेन, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात १९७० सालापासून करू. अमेरिकेत सॅन होजेला आयबीएमची प्रयोगशाळा होती. तिथे एडगर कॉड नावाचा गणिती काम करायचा. मूळचा इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता. त्यानं त्या वर्षी एक निबंध छापला. त्याच्यासमोरचा प्रश्न असा: माहितीचा साठा मोठा आहे, तो वापरणारे लोक शेकडो आहेत, आणि साठ्याची मांडणी थोडी बदलली की सगळ्यांचे प्रोग्रॅम कोलमडतात. काय करावं? त्यानं सांगितलं, माहिती साध्या टेबलांत ठेवा. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्या. एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी त्या ओळखीनंच जोडा. आणि माहिती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे, ही काळजी वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नका. चार वर्षांनी आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी अशा टेबलांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. आज तिला एसक्यूएल म्हणतात. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता १९७९. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. वर्गात फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडला जायचा, आणि एक आकडा बदलला की खालचं सगळं पुसून पुन्हा लिहायचं. हे कॉम्प्युटरनं का करू नये? त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं मिळून ॲपल टू या यंत्रासाठी व्हिसिकॅल्क तयार केलं. मग १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, १९८७ मध्ये तेच विंडोजवर आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दोघांसमोरचे प्रश्न किती वेगळे होते ते बघा. कॉडसमोर अनेक माणसं आहेत आणि एक साठा आहे. ब्रिकलिनसमोर एक माणूस आहे आणि त्याच्या डोक्यातला एक हिशेब आहे. ‘असं झालं तर काय होईल?’ हा ब्रिकलिनचा प्रश्न. ‘काय झालं होतं?’ हा कॉडचा. शीट ही पाटी आहे आणि डेटाबेस ही वही. पाटीवर हिशेब मांडायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. पाटीला नावं ठेवायचं कारणच नाही. आपण पाटीवर उधारी लिहून ठेवतो, घोळ तिथे आहे.

म्हणून शीटची बाजू आधी मनापासून मांडतो. आंबिया बहाराची संत्री निघाली आहेत. काटोल-नरखेडच्या बागेतला भाव, तोडणी, भराई, क्रेटचं भाडं, ट्रकभाडं, वाटेत सडणारा माल, दिल्लीची अडत. आता बाग घ्यायची की सोडायची? बांगलादेशानं आयातशुल्क वाढवलं, तिकडे जाणारा माल इथल्याच बाजारात आला आणि किलोमागे दोन रुपये भाव पडला, तर? सड पाच टक्क्यांवरून आठवर गेली, तर? या ‘तर’ला शीटइतकं चांगलं उत्तर दुसरं कुठलंही साधन देत नाही. एक आकडा बदला, एंटर दाबा, समजलं. यासाठी कोणी डेटाबेस उभारा म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग आमच्या बाजारात सगळंच शीटवर कसं गेलं? ही एक उलटी चाल आहे आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. नव्वदीच्या दशकात नागपूरच्या कितीतरी पेढ्यांवर, दवाखान्यांत, पतसंस्थांत डेटाबेस होता! काळा पडदा, त्यावर हिरवी-पांढरी अक्षरं, डीबेस किंवा फॉक्सप्रो. गल्लीतल्या एखाद्या पोरानं प्रोग्रॅम लिहून दिलेला असायचा. आधी पक्षाचं, म्हणजे पार्टीचं, खातं उघडा, मगच बिल निघेल, असं तो प्रोग्रॅम ठणकावून सांगायचा. पुढे ते पोरगं पुण्याला गेलं, तिथून अमेरिकेला. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये फॉक्सप्रो विकत घेतलं होतं, त्यांनीच २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नाही म्हणून जाहीर केलं. प्रोग्रॅम बदलून द्यायला माणूस उरला नाही. एक्सेल मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवर होतंच, कोणी विकत घेतलेलं, कोणी तसंच. एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवलेलंही होतं. तेव्हा आमचा व्यापारी अडाणीपणानं एक्सेलकडे गेला, हे मला मान्य नाही. त्याला हाताशी राहील असं साधन हवं होतं. गंमत अशी की त्याच वेळी याच शहरातल्या आयटी पार्कात जगभरच्या कंपन्यांसाठी डेटाबेसचं काम होत होतं. पर्सिस्टंट सिस्टिम्सचंच घ्या. तिचे संस्थापक आनंद देशपांडे यांची डॉक्टरेट डेटाबेस याच विषयातली. पुतण्या तिथे दुसऱ्याचे डेटाबेस सांभाळतो आणि काका इतवारीत ‘स्टॉक फायनल नवीन’ नावाची फाइल उघडतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. बिघडतं काय?

जीएसटीच्या बिलावर मालाचा एचएसएन कोड लागतो. संत्र्याचा कोड ०८०५ पासून सुरू होतो. तुरीच्या डाळीचा ०७१३. मिरचीचा ०९०४. बघा योगायोग, कळमन्याच्या या तिन्ही जिनसांचे कोड शून्यानं सुरू होतात. आता एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये ०८०५ टाइप करा. एंटर दाबल्यावर उरतं ८०५. एक्सेलच्या दृष्टीनं ती संख्या आहे आणि संख्येच्या पुढच्या शून्याला किंमत नाही. सभागृहात बसलेले अकाउंटंट आता मनात म्हणताहेत, सेल आधी टेक्स्ट करून घ्यायचा, नाहीतर आधी अपॉस्ट्रॉफी टाकायचा. बरोबर आहे. तुम्ही टाकाल. पण उद्या नवा मुलगा दुसरीकडून आलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिकनं उघडेल आणि सेव्ह करेल, तेव्हा कोण टाकणार?

शून्य गेलं तर निदान चूक दिसते. दुसरा प्रकार त्याहून वाईट. आपल्या नागपुरात प्लॉटच्या कुठल्याही विक्रीपत्रात काय असतं? मौजा अमुक, पटवारी हलका नंबर तमुक, खसरा क्रमांक १२/३. हा १२/३ शीटमध्ये टाइप करा. तारखा आपल्या पद्धतीनं, दिवस आधी आणि महिना नंतर अशा लावलेल्या असतील, तर तिथे दिसेल १२ मार्च. खसऱ्याची तारीख झाली! लेआउट पाडणाऱ्यांच्या शीटमध्ये जमीन अशी कॅलेंडरात जाऊन बसते. हसू नका, हे मोठ्या लोकांचंही झालं आहे. मानवी जनुकांपैकी काहींची नावं मार्च-१, सेप्ट-२ अशी होती. जगभरच्या संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होऊ लागल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, जनुकं बदलली.

आणि आता सॉर्ट. पक्षांची नावं एका कॉलममध्ये, येणं शेजारच्या कॉलममध्ये. मुनीमजींना मोठी येणी वर हवी आहेत. ते रकमेचा कॉलम निवडतात आणि सॉर्ट म्हणतात. एक्सेल विचारतं, बाजूचे कॉलमही सोबत घेऊ का? घाई आहे, फोन वाजतो आहे, चुकीच्या पर्यायावर टिचकी पडते. नावं होती तिथेच राहिली, रकमा हलल्या. एकूण बेरीज? तीच, एक पैसा इकडे-तिकडे नाही. बेरीज जुळते म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि वानखडेंचं येणं ठाकऱ्यांच्या नावावर चढतं. कारण काय? शीटमध्ये ‘ओळ’ नावाची वस्तूच नसते. असतात ते एकमेकांना चिकटून बसलेले सेल. वानखडे आणि त्यांची रक्कम एकत्र आहेत, हे फक्त तुमच्या डोळ्याला दिसतं, यंत्राला नाही. डेटाबेसमध्ये नाव आणि रक्कम एकाच नोंदीचे भाग असतात. क्रम कसाही लावा, ती नोंद फुटत नाही. आजच्या व्याख्यानातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

वानखडे निघालेच आहेत तर त्यांचंही बघू. इंग्रजीत कोणी शेवटी ‘खडे’ लिहितं, कोणी ‘खेडे’. कोणी आधी आडनाव, कोणी शेवटी. शीटमध्ये एकाच माणसाची चार खाती होतात, चार माणसांचं एक होतं. मग ओळख कशावर ठरवायची? नावावर तर नाहीच. प्रत्येक पक्षाला एक नंबर, जो बदलत नाही आणि दुसऱ्याला मिळत नाही. जुन्या खतावणीत खाते पान असायचं, रोजकीर्दीतल्या प्रत्येक रकमेसमोर ‘खा. पा.’ लिहिलेलं असायचं. ते मुनीम कॉडचं नावही न ऐकता कॉडचंच काम करत होते.

धंदा मोठा असेल तरच हे लागू, असं कोणी म्हणेल. आकाराचंही सांगतो. एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावत. २००७ पासून १०,४८,५७६ मावतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं कोविडच्या काळात प्रयोगशाळांकडून येणारे निकाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओढून घेतले. एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. ओळी संपल्या, पुढचे रुग्ण आत आलेच नाहीत, आणि फाइलनं तक्रारही केली नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित मोजणीतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. देश श्रीमंत, विद्यापीठं जुनी, आणि साथीची नोंद पाटीवर. पण मी आकाराला फार महत्त्व देत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या धंद्यात दहा लाख ओळी कधी होणार नाहीत. आपलं बिघडतं ते लिहिणारे हात वाढल्यावर.

मग म्हणाल, गूगल शीटमध्ये चौघं एकाच वेळी लिहितात ना? लिहितात. कोणी काय बदललं तेही मागे जाऊन बघता येतं. पण लिहायला हवं होतं का, हे ती विचारत नाही. रेल्वेचं आरक्षण घ्या. दिवाळीत विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक बर्थ उरली आहे. अजनीच्या खिडकीवर एक माणूस उभा आहे, दादरच्या खिडकीवर दुसरा. दोघांनीही त्याच क्षणी मागितली. एकालाच मिळाली पाहिजे. आणि पैसे कापले पण तिकीट नाही, असं अर्धवटही राहता कामा नये. दोन्ही गोष्टी होतील किंवा एकही होणार नाही. डेटाबेसच्या या ‘सगळं किंवा काहीच नाही’वर जिम ग्रे या शास्त्रज्ञानं आयुष्य घातलं. त्यालाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला, १९९८ चा. आपल्या गोदामात शेवटचे दहा कट्टे दोन दलालांना विकले जातात, तो प्रसंग याहून वेगळा आहे का?

आता तिसरी गोष्ट, माझ्या आवडीची.

पश्चिम महाराष्ट्रात तलाठी म्हणतात, आपण विदर्भातले लोक पटवारी म्हणतो. मध्य प्रांतातून आलो, त्या खुणा अजून जिभेवर आहेत. तर पटवाऱ्याच्या दप्तरात गावनमुने असतात. सात नंबरला जमीन कोणाची. बाराला पीक कोणतं. दोन्ही मिळून सातबारा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. आणि सहा नंबर म्हणजे फेरफार. जमीन सातमध्ये, माणूस आठ-अमध्ये, घडामोड सहामध्ये. एकाच कागदावर सगळं कोंबलेलं नाही. मग जोडायचं कसं? खाते क्रमांकानं आणि फेरफार क्रमांकानं. वेगळी टेबलं, प्रत्येक नोंदीला ओळख, ओळखीनं जोडणी. कॉडचं आत्ताच सांगितलेलं म्हणणं आठवा!

पण खरी गोष्ट पुढे आहे. सातबाऱ्यावरचं नाव थेट बदलता येतं का? नाही. खरेदी झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, तरी आधी सहाच्या रजिस्टरात नोंद. तिला क्रमांक. संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस. मग मंडळ अधिकारी, आपला आर.आय., ती नोंद प्रमाणित करणार. त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल. आणि जुनं नाव पुसून टाकत नाहीत. ते पूर्वी कंसात जायचं, आता त्यावर आडवी रेघ येते, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. जुन्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कंसात, वडिलांचं कंसात, मग तुमचं. कोणी, कधी, कशाच्या आधारावर बदल केला, हे मागे मागे जात वाचता येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, रीत तिच्याहून जुनी.

पटवाऱ्याच्या दप्तरात भानगडी होत नव्हत्या, असं मी म्हणतो का? नागपुरात उभं राहून तसं म्हणायची माझी हिंमत नाही. पण भानगड झाली, तर तिचा क्रमांक राहतो आणि त्या क्रमांकावर कोर्टात भांडता येतं. साध्या एक्सेल शीटमध्ये ४५,००० चे ५४,००० झाले, तर भांडणार कशावर?

आता जमिनीची ही शिस्त कायद्यानं कंपन्यांच्या वहीलाही लावली आहे. १ एप्रिल २०२३ पासून, कंपनीनं हिशेबाला जे सॉफ्टवेअर वापरायचं, त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. टॅलीवाल्यांनी त्यासाठी एडिट लॉगची वेगळी आवृत्ती काढली. अनेकांना तो जाच वाटला. मला विचाराल, तर हा सहा नंबरचा नमुनाच आहे, कपडे बदललेला. भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नाही, पण दोन भावांच्या पेढीला त्याची गरज कंपनीपेक्षा जास्त असते, हे वाटण्या पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

डेटाबेस आणला की रामराज्य आलं, असंही नाही. २०२५ मध्ये आपल्याच विभागात शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. अपात्र शिक्षकांचे बोगस आयडी तयार करून शासनाचा पगार काढल्याचा आरोप, अधिकाऱ्यांना अटक. तिथे शीट नव्हती, ऑनलाइन यंत्रणा होती. डेटाबेस वेड्यावाकड्या नोंदीला अडवतो, पण पासवर्ड असलेल्या माणसानं नीट टाइप केलेलं खोटं त्याला कळत नाही. कोणाच्या लॉगिनमधून ते आत आलं, एवढं मात्र विचारता येतं.

आता कामाचं बोलू, कारण अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. उद्या दुकानात काय करायचं?

एकच माणूस लिहितो आणि तोच वाचतो, तर शीट ठेवा, माझी काही तक्रार नाही. दोघं-तिघं लिहितात आणि वर्षभरानंतर कोणीतरी जाब विचारणार आहे, तर व्यवहाराची मूळ नोंद शीटमधून बाहेर काढा. टॅलीमध्ये जा, तयार सॉफ्टवेअर घ्या, किंवा पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल फुकट मिळतात, त्यावर कोणाकडून करून घ्या. डेटाबेस म्हणजे बँकेची वस्तू असं समजू नका. तुमच्या अँड्रॉइड फोनमधले व्हॉट्सॲपचे निरोप एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्येच पडून असतात. फक्त एक अट घाला, माझी सगळी माहिती मला हवी तेव्हा बाहेर काढता आली पाहिजे. फॉक्सप्रोच्या वेळी हे विचारायचं राहिलं होतं. मग त्या साठ्यातून हवा तो उतारा एक्सेलमध्ये घ्या आणि खुशाल खेळा. उलट दिशेनं मात्र नको, शीटमध्ये दुरुस्त करून साठ्यात परत घालायचं नाही. दुरुस्ती करायची तर साठ्यातच करा, नोंद राहील अशी.

सगळ्यात अवघड काम यंत्राचं नाही. जुनी शीट नव्या टेबलांत नेताना चार वानखडेंपैकी खरे किती, हे कोण सांगणार? सातबारा संगणकावर नेताना महसूल खात्यालाही हेच कोडं पडलं. हस्तलिखित एक म्हणे, संगणक दुसरं. तेव्हा गावोगाव चावडी वाचन झालं. लोकांना गोळा करून सातबारे मोठ्यानं वाचले, हरकती घेतल्या, दुरुस्त्या केल्या. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. तुम्हीही तेच करा. खातेउतारे छापा, प्रत्येक पक्षाला पाठवा, सहीनिशी परत मागवा. दिवाळीच्या वहीपूजनाला नवी यंत्रणा सुरू करायची असेल, तर हे काम मृगाच्या पावसातच सुरू करावं लागेल, कारण निम्मे पक्ष पहिल्या पत्राला उत्तर देत नाहीत आणि ज्यांच्याकडे येणं जास्त, ते तिसऱ्या पत्रालाही देत नाहीत.

एवढं बोलून थांबतो. संयोजकांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखली आहेत. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या त्या अकाउंटंट मंडळींना विचारू द्या, ते केव्हापासून हात वर करून बसले आहेत.